काय जिंकलं, कोणाला जिंकलं

बाई,

तुमच्या निधनाची बातमी मी चार ओळींत दिली. नाव, वय, कुठल्या शाळेत किती वर्षं, मागे एक मुलगी. 'दुःखद निधन' लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, सुखद निधन कधी छापलं होतंस? म्हणून 'दुःखद' आधीच खोडला.

त्या चार ओळींत जे बसत नव्हतं, ते इथे लिहितो आहे.

नाशिकला परत जाताना तुमच्या मुलीनं, वृंदानं, घराला कुलूप लावलं आणि तुमची एक वही माझ्या हातात दिली. शाळेची, दोनशे पानी. विषयाच्या रकान्यात तुमच्या अक्षरात 'जिंकणे'. आत सतरा पानं भरलेली आहेत. आमच्या पुरवणीसाठी मी तुमच्याकडे सहाशे शब्दांचा लेख मागितला होता, त्याची ही तयारी. 'आठवड्यात देते' असं तुम्ही म्हणाला होतात. या गोष्टीला दीड वर्ष झालं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी आधीचं सांगायला हवं. धरमतर खाडीच्या काठच्या आपल्या गावात भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली आहे. शेतं आणि खाडी यांच्या मध्ये मातीचा बांध आहे. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि पुढचे दोन-तीन पावसाळे, मीठ धुऊन जाईपर्यंत, शेत काही देत नाही. म्हणून पूर्वापार रीत अशी, की भांगाच्या दिवसांत, भरती फार चढत नाही तेव्हा, घरटी एक माणूस बांधावर जायचं. रांगेत उभं राहून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायची. तुमच्या यजमानांनी, मास्तरांनी, घेतलेल्या दहा गुंठ्यांमुळे तुमचं घरही त्या यादीत होतं. मास्तर गेल्यावर तुम्ही स्वतः जायला लागलात. चौलच्या सुपारीच्या वाडीत वाढलेली बाई चपला काठावर ठेवून गुडघाभर चिखलात उतरली, तेव्हा गावानं तुम्हाला आपलं म्हटलं. त्याआधी तुम्ही नुसत्या 'शाळेतल्या बाई' होतात.

मग रीत सैल झाली. कोणी डंपरवर, कोणी कंपनीत, कोणी उरणच्या गोदामात. बांधाला बारीक खांड पडली आणि तिच्यावरून गावात दोन मतं झाली. नामदेव पाटील तुमचा विद्यार्थी, माझ्या बाकावरचा. त्याचे दोन डंपर. तो म्हणायचा, खात्याचं यंत्र येईल, पक्का बांध होईल, चिखल कशाला तुडवायचा? तुम्ही म्हणायचात, यंत्र येईल तेव्हा येईल, तोवर भरती थांबणार आहे का? दोघांचंही चुकत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या आपल्या वॉर्डात दोघंही उभे राहिलात.

मतमोजणीला मी हजर होतो. दोघांना सारखी मतं. पुन्हा मोजली, तरी सारखीच. मग नियमाप्रमाणे दोन चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. निघाली ती तुमच्या नावाची. नामदेव पुढे आला, तुमच्या पाया पडला आणि मोठ्यानं म्हणाला, "शालंत पन तुमीच नापास करायच्या बाई, आन इथं पन तुमीच." तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात. म्हणालात, "तेव्हा अभ्यास केला नव्हतास. या वेळी केला होतास, हे लक्षात ठेव." दोन्हीकडचे लोक हसले. माझ्या टिपणवहीत त्या हसण्याची नोंद आहे. वेळ दुपारी बाराची. त्या वेळेपर्यंत आपल्या गावात कोणी हरलं नव्हतं.

मिरवणूक चारला निघाली. गुलाल, टेम्पो, टेम्पोवर भोंगे. टेम्पो नामदेवच्या दारासमोर थांबवला आणि पाव तास नाचले. घोषणा होती, 'बाई जिंकल्या, नामा झोपला'. ओट्यावर बसलेल्या त्याच्या आईच्या अंगावर गुलाल पडला. तुम्ही पुढच्या सीटवर होतात. काचेबाहेर दोनदा हात काढून तुम्ही 'थांबा' अशी खूण केलीत. लोकांना वाटलं, तुम्ही हात हलवताय. त्यांनी आवाज वाढवला.

तुम्ही नंतर म्हणायचात, "मी खाली उतरायला हवं होतं. टेम्पोची पायरी उंच होती, हे कारण मुलांनी दिलं असतं तर मी घेतलं नसतं."

दुसऱ्या दिवशी आमच्या पुरवणीत चार कॉलमी मथळा होता, 'बाईंनी पाटलांना धूळ चारली'.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही बांधावर बोलावणं केलंत. तुमची आळी आली. नामदेवच्या आळीतून एकही माणूस आला नाही. रांग निम्मीच झाली, आणि निम्म्या रांगेनं खांड बुजत नाही, कारण वरचं ढेकूळ येईपर्यंत खालचं वाहून जातं. पुढच्या भांगालाही तसंच झालं. त्या श्रावणातल्या उधाणानं बांध फोडला. खांड एवढी रुंद झाली की दोन डंपर शेजारी शेजारी जातील. खारं पाणी आत आलं ते दोन्ही आळ्यांच्या शेतांत.

गणपतीत मी घरी आलो होतो. तुम्ही मला ओटीवर बसवलंत, समोर शेवयांची खीर ठेवलीत आणि विचारलंत, "जिंकणे म्हणजे काय?"

"शब्दकोश तुमच्याकडे आहे, बाई."

"शब्दकोशात 'पराभव करणे' दिलंय आणि 'मिळवणे'ही दिलंय. यातलं आधीचं कुठलं?"

"दोन्ही असेल."

"खीर खा. तुझं उत्तर नेहमीच असं असतं, दोन्ही बाजूंची प्रतिक्रिया घेतल्यासारखं."

यावरच पुरवणीला लिहा, असं मी म्हणालो आणि तिथून वही सुरू झाली. पहिल्या पानावर तुम्ही शब्दाचा माग काढला आहे. जुन्या मराठीत 'जिणणे', प्राकृतात 'जिणइ', संस्कृतात 'जि' हा धातू. जय, विजय, जेता, अजिंक्य, सगळे त्याच घरचे. 'जिणणे'चं 'जिंकणे' होताना मधला 'क' कुठून आला, यासाठी तुम्ही अर्धं पान मोकळं सोडलं आणि खाली लिहिलंत, 'माहीत नाही'. आमच्या कचेरीत इतक्या वर्षांत मी हे दोन शब्द कोणाला लिहिताना पाहिलं नाही.

चौथ्या पानापासून तुमचा मुद्दा येतो. जुन्या वापरात या धातूबरोबर काय काय येतं, याची तुम्ही यादी केली. गाई, धन, भूमी, फाशांच्या खेळात पणाला लावलेलं द्रव्य. माणूस काहीतरी जिंकून घरी आणतो. म्हणजे प्रश्न 'काय जिंकलं?' असा होता. 'कोणाला जिंकलं?' हा प्रश्न नंतर डोईजड झाला, असं तुमचं म्हणणं. आणि आपण निवडणुकीच्या दिवशी फक्त दुसराच प्रश्न विचारला.

मी म्हणालो, "बाई, हे सोयीचं आहे. त्याच जुन्या काळात शत्रूलाही जिंकतातच. कुठलं आधी, कुठलं नंतर, याचा पुरावा तुमच्याकडे नाही."

"पुरावा नाही. संशय आहे."

"संशयावर बातमी होत नाही."

"म्हणून तर मी बातमी लिहीत नाहीये."

हा वाद आपण दीड वर्ष घातला. तुम्ही मुद्दा सोडला नाहीत आणि मीही नाही. आजही माझं मत तेच आहे. शब्दाचं मूळ सापडलं म्हणून माणसं तसं वागत होती, असं सिद्ध होत नाही. पण तुम्ही ते कशासाठी शोधत होतात, हे मला तेव्हाही कळत होतं. तुम्हाला नामदेवच्या दारात जाताना हातात काहीतरी हवं होतं.

'फत्ते'साठी तुम्ही एसटीनं मुरुडला गेलात. तिथल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तुम्हाला जेवायला ठेवून घेतलं आणि सांगितलं, "बाई, फतह म्हणजे उघडणं. मुलूख उघडला म्हणजे फतह झाली. आमची फातिहासुद्धा ह्याच शब्दाच्या घरातली. उघडणारी." तुम्ही त्यांना म्हणालात, "आमच्या गावात उघडलं की खारं पाणी येतं हो, सर." ते इतके हसले की त्यांच्या बायकोनं आतून डोकावून पाहिलं, असं तुम्ही मला फोनवर सांगितलंत. वहीत मात्र फक्त अर्थ आहे. पुढच्या पानावर इंग्रजीतला 'विन' आहे. तो फार पूर्वी राबणे, झगडणे, सोसणे अशा अर्थाचा होता. 'राबणे'खाली तुम्ही दोन रेघा ओढल्या आहेत.

वहीबरोबर तुमच्या फेऱ्याही सुरू होत्या. नामदेवकडे तुम्ही तीनदा गेलात. पहिल्यांदा त्यानं चहा दिला, आईनं ओटी भरायला काढली आणि मग तुम्ही विधवा आहात हे आठवून ओशाळली. तुम्ही तिच्या हातातला नारळ घेतलात. म्हणालात, "नारळाला काय कळतंय?" गुलालाबद्दल तुम्ही तिची माफी मागितलीत. ती म्हणाली, गुलाल धुतला की जातो.

नामदेव म्हणाला, "बाई, तुमच्या घरचा कौल फुटला तं मी आता येतू शिडी घेवून. पन त्यांच्या रांगेत न्हाय. पेपरात लिवलंय ना, धूल चारली? मंग धूलच खाऊ दे. आता चिखल कशाला?"

परत येताना तुम्ही मला फोन केलात. "ते शीर्षक कोणी दिलं रे?"

मी म्हणालो, "मुंबईच्या डेस्कनं."

हे खरं नव्हतं. घडलं ते असं. मोजणीच्या आदल्या दिवशी मी दोन बातम्या तयार ठेवल्या होत्या. एक तुम्ही निवडून आल्याची, एक नामदेवची. हे सगळेच करतात, वेळ वाचतो. मथळा दोन्हींना एकच होता, नावं तेवढी इकडची तिकडे. नामदेवच्या नावाची चिठ्ठी निघाली असती तर 'पाटलांनी बाईंना धूळ चारली' छापून आलं असतं. मोजणीनंतर मी मजकुरात चिठ्ठीचा परिच्छेद घातला. मथळा बदलायचं सुचलं नाही. सारख्या मतांच्या बातमीवर तो मथळा गेला आणि तो मी दिला होता.

तुम्ही मुंबईला संपादकांना पत्र लिहिलंत. कचेरीच्या रिवाजानं ते 'स्थानिक पातळीवर पाहावे' असा शेरा मारून माझ्याकडेच आलं. माझ्या खणात आहे. त्यातलं एक वाक्य, 'ज्यांनी हे शीर्षक दिले त्यांना कृपया कळवावे की त्या दिवशी आमच्या गावात कोणीही पडले नव्हते.' तुम्ही मला दोनदा विचारलंत, उत्तर आलं का. मी दोनदा म्हणालो, अजून नाही. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. मला हायसं वाटलं होतं.

वहीत मी त्याबद्दल काही आहे का, ते शोधलं. काहीही नाही. सतराव्या पानावर व्युत्पत्ती संपते आणि नामदेवच्या आळीतल्या घरांची यादी लागते. ज्यांनी बांधावर यायचं कबूल केलं त्यांच्यापुढे बरोबरची खूण. अशा खुणा तीन. नामदेवपुढे लिहिलंय, 'पुन्हा जाणे'.

तुमचा तेरावा झाल्यावर मी त्याच्याकडे गेलो. तो अंगणात पाइप लावून डंपर धूत होता.

"या पत्रकार. आज कोनाची माती केली?"

"बाईंच्या वहीत तुझं नाव आहे."

"कया लिवलंय?"

"पुन्हा जाणे."

त्यानं पाणी बंद केलं. मी उभ्याउभ्या सांगितलं, की ते शीर्षक डेस्कचं नव्हतं, माझं होतं.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"बाईंनी सांगितला. तिसऱ्यांदा आल्या व्हत्या तवा. बोलल्या, नामदेव, हे आपल्या वर्गातल्याचंच काम हाय. सात वर्सं त्याचे निबंध तपासलेत, त्याचं वाक्य मना कलतं. मी बोललू, मंग धरा त्याचा कान. तं बोलल्या, न्हाय, तो सांगल."

"आणि तू?"

"मी कया? मी पन थांबलू. बोललू, येवदे त्याला. बाई बोलतान तं येल." तो डंपरच्या चाकावर टेकला. "दोन पावसाले गेलं. तू आलास न्हाय आन मी बांधावर गेलू न्हाय. आन त्या गेल्या."

बाई, इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे. हे तुम्ही चुकीचं केलंत. मी शाळेत नव्हतो आणि हा निबंध नव्हता. तुम्ही एक फोन केला असतात, 'खोटं बोलतोयस' एवढं म्हणाला असतात, तर मी त्याच आठवड्यात नामदेवकडे गेलो असतो. कदाचित गेलो नसतो. पण तुम्ही विचारायला हवं होतं. माझ्या तोंडून खरं निघण्याची वाट पाहताना आळीआळीची शेतं खारट राहिली, तुमचे दहा गुंठेही. मुलांना स्वतः उत्तर सापडेपर्यंत फळ्याजवळ उभं करून ठेवायची तुमची पद्धत वर्गात बरोबर होती. बांधाला ती परवडणारी नव्हती. आणि हे लिहितानाही मला दिसतं आहे, की दोष तुमच्यावर ढकलण्याचा हा माझा दुसरा प्रयत्न आहे. पहिल्या खेपेला डेस्क होतं.

तुम्ही मला खोटं ठरवलं नाहीत, याबद्दल आभार मानावेत की नाही, हेही ठरत नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि तरीही तुम्ही दर खेपेला खीर पुढे ठेवत होतात, जुन्या शब्दांवर वाद घालत होतात, माझ्या बातम्यांतल्या चुका लाल शाईनं दाखवत होतात. एवढ्या सगळ्या लाल शाईत ती एक खूण तुम्ही केली नाहीत. कोणी माझ्यावर इतका वेळ विश्वास ठेवल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

नामदेव म्हणाला, "मना सांगून कया उपेग? पेपरात टाक. त्याच पानावर. मंग बघू."

मुंबईहून विचारणा झाली, इतक्या उशिरा खुलासा कोण मागतंय? मी कळवलं, वार्ताहर. मंगळवारी छापून आला. मजकूर पूर्ण देतो. 'आपल्या गावातील निवडणुकीत दोन्ही उमेदवारांना समान मते पडली होती आणि निकाल चिठ्ठीने लागला होता. त्या बातमीचे शीर्षक चुकीचे व अपमानकारक होते. ते या वार्ताहराने मतमोजणीपूर्वीच तयार करून ठेवले होते. दिलगीर आहे.' तुम्ही 'आपल्या'वर बोट ठेवलं असतं. बातमीत 'आपलं' काही नसतं. मी तो शब्द ठेवला.

तुमचा लेख छापलेला नाही. तो झालेला नाही, आणि तुमच्या नावावर माझं वाक्य घालण्याची मला इच्छा नाही. वही वृंदाला परत देईन. वाद तेवढा माझ्याकडे ठेवतो.

गेल्या रविवारी अष्टमी होती, पाणी कमी. कोण येईल याचा अंदाज मला नव्हता. सातला बांधावर पोचलो तर तुमची आळी आली होती. साडेसातला समोरून नामदेव आला, अंगात जुना शर्ट, खांद्यावर फावडं. त्याच्यामागे त्याची आळी. कोणी कोणाशी फारसं बोललं नाही. टेम्पो चालवणारा गणेशही आला होता, मिरवणुकीत नामदेवच्या दारात गाडी थांबवणारा तोच. तो नामदेवपासून चार माणसं लांब उभा राहिला. नामदेव ओरडला, "गन्या, तिकडं कया देवाला उभा हाईस? हिकडं ये. गाडी कशी माज्या दारात लावलीस, तसा हात पन लाव." दोन्ही आळ्यांतून हसू आलं. गणेश त्याच्या शेजारी आला.

मग नामदेवनं घरांची नावं घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक घराला कोणीतरी ओ देत होतं. माझ्या घराला माझ्या भावानं दिली. तुमचं घर आलं तेव्हा तो थांबला आणि पुढच्या नावाकडे वळला.

"बाईंचं घर आहे," मी म्हणालो.

"तू तं तुज्या घरचा."

"माझ्या घरचा भाऊ आलाय. मी बाईंच्या घरचा."

त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं. "ते काड आदी."

मी बूट काठावर ठेवले आणि रांगेत उभा राहिलो. ढेकूळ वाटतं त्याहून जड असतं. ते अंगाशी धरायचं असतं, हे पहिली तीन माझ्या हातून फुटल्यावर तुमच्या आळीतल्या एका म्हातारीनं दाखवलं. म्हणाली, बाई पन पयल्या दिवशी अशाच फोडायच्या.

दुपारी ओहोटी संपून पाणी चढायला लागलं तेव्हा खांड बुजायला अजून हातभर बाकी होती. काही जण जेवायला निघाले. नामदेवनं खाडीकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं, आणि कोणालाही घरी जाऊ दिलं नाही.